डाव्या अंगाचा अंधार

सामन्याच्या दिवशी दुपारी आमची सगळी आइस हॉकी टीम झोपते. सकाळी बर्फावर हलका सराव, मग पोटभर पास्ता आणि कोंबडी, मग पडदे ओढून झोप. ऑरेस्ट हावरिलक मात्र पलंगाच्या कडेला बसून असायचा. दौऱ्यावर आम्हा दोघांना एकच खोली मिळायची, म्हणून मला ठाऊक. मांडीवर वर्तमानपत्र, त्यात समोरच्या टीमची नावं, आणि त्यातल्या एका नावावर त्याचा अंगठा. संध्याकाळी ज्याच्याशी भिडायचं त्याचं नाव.

"झोप ना रे, थोरल्या," मी उशीत तोंड खुपसून म्हणायचो.

"तू झोप, चिमण्या. तुला पळायचंय. मला काय, नुसतं उभं राहायचंय."

ठोसे खात उभं राहायचंय, असं तो कधी म्हणाला नाही. निघायच्या आधी तो बाथरूममध्ये जायचा, नळ पूर्ण सोडायचा, आणि त्या पाण्याच्या आवाजाआड ओकायचा. बाहेर यायचा तो तोंड पुसून, हसत. मीही काही ऐकलं नाही असं दाखवून बूट शोधायला लागायचो.

आमचं सेंट ब्रेंडन हे कागदाच्या गिरणीचं गाव. गिरणीचा वास कपड्यांना, पावाला, बायकोच्या केसांना. नदी नोव्हेंबरात गोठायची ती एप्रिलपर्यंत मुकी. एवढ्या लांब हिवाळ्यात गावाला ऊब एकाच जागी, रिंकमध्ये. आमची टीम दुसऱ्या फळीची. त्याच्या वर खरी लीग, जिचे सामने देशभर टीव्हीवर दिसतात. आम्ही तिचं नावसुद्धा घेत नसू. नुसतं 'वर' म्हणायचो. अमका वर गेला. तमक्याला वरून बोलावणं आलं. फलाणा वरून परत आला, आता पिऊन असतो.

ऑरेस्टला कधीच बोलावणं आलं नव्हतं. तिशी उलटली, नाक तीनदा बसवून घेतलं, पुढचे दात रात्री ग्लासात. पण वर एक सामना नाही. एकच खेळायचाय रे, तो म्हणायचा. एकच. बाप सास्काचेवानात गव्हाच्या रानात बसून टीव्ही लावील आणि पडद्यावर आमचं आडनाव पाठीवर लिहिलेलं बघील. मग मेलो तरी चालेल.

तो आमचा राखणदार होता. प्रत्येक टीमला एक असतो. मी चणीने लहान, पायाने चपळ. गोल करणारा मी, वर्तमानपत्रात फोटो माझा. आणि मला कोणी कठड्यावर चेचलं, काठी हाणली, तर त्याचा हिशेब ऑरेस्टकडे. लोकांना वाटतं, त्याला काय येतं? हातमोजे फेकायचे आणि मारायचं, कोणीही करील. सरावाला कोणी येत नाही म्हणून. सरावात हाच माणूस पाठमोरा, बर्फाला न ओरबाडता, झोपलेल्या पोराच्या खोलीतून बाहेर पडावं तसा सरकत जायचा आणि माझ्या काठीच्या पात्यावर रबरी चकती अशी आणून ठेवायचा की मला नुसतं ढकलायचं काम. सामन्यात कोचने त्याला त्यासाठी कधी उतरवलंच नाही.

स्टँडमधल्या गिरणीवाल्यांनी त्याच्यावर गाणं रचलं होतं. पाय आपटत म्हणायचे:

थोरला उठला, बाकडं हललं,
पाहुण्यांचं तोंड वाळलं!
दात ठेवा खिशात जपून,
घरी न्यायचे मोजून मोजून!

माझी आई समुद्रकाठची, अकादी, म्हणजे तिकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीतली. तिच्याकडे कोणी बुडालं की त्याच्यावर गाणं रचतात. होडी कोणाची, वारा कुठला, शेवटची हाक कोणाला मारली, घरी जाऊन आईला कोणी सांगितलं, सगळं त्यात येतं. हेरिंग मासे साफ करता करता ती अशी गाणी म्हणायची आणि मेलेला माणूस जणू चुलीपाशी येऊन बसायचा. एकदा ती सामना बघायला आली. ऑरेस्टचं गाणं ऐकून घरी जाताना म्हणाली, "हे गाणं कसलं? ह्यात त्याचं दुखलेलं कुठंय?"

दुखलेलं आमच्यात कोणी दाखवत नाही. राखणदार बुडतात तेही दिव्यांच्या झगमगाटात, सगळ्यांदेखत, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत असतात.

जानेवारीत मला पहिल्यांदा शंका आली. सकाळी नाश्त्याला ऑरेस्ट कॉफी ओतत होता. धार कपाच्या कडेबाहेर, सरळ टेबलावर. तो ओततच राहिला. मी कप उजवीकडे सरकवला. त्याने वर पाहिलं, आणि मला कळलं की त्याला कळलं मला कळलंय.

खोलीत आल्यावर त्याने दार लावलं.

"डावा," तो म्हणाला. "काळ्या माश्या फिरतात आधी. मग कडेने पडदा येतो, न्हाणीघराला असतो तसला. रोज थोडा थोडा पुढं."

"डॉक्टर?"

"दाखवलं. आपल्या नव्हे, लांबच्या. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय म्हणे. आणखी एक ठोसा बसला की संपलं."

"मग काय करतोयस इथं तू?"

"ऐक, चिमण्या." तो पलंगावर बसला, तशी स्प्रिंग कण्हली. "वरच्या टीमची माणसं महिनाभर झालं येतायत. स्टँडमध्ये वर बसतात, टोप्या घालून. त्यांचा राखणदार म्हातारा झालाय. कोच म्हणाला, वसंतापर्यंत काहीही होऊ शकतं. वसंतापर्यंत, बस्स. मग फोडा डोळे."

"तपासणीत सापडशील की."

"तक्ता पाठ केलाय," तो म्हणाला, आणि उजवा, चांगला डोळा मिटून उजव्या हाताने हवेत एकेक अक्षर दाखवत त्याने तो खालच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवला. शाळेतल्या पोरासारखा खूश झाला होता. मला हसावं की रडावं कळेना.

त्याची बायको दार्या. अंगाने बारीक, जिभेने तिखट. तिला सगळं माहीत होतं. एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो, बटाटा भरलेले उकडलेले गोळे आणि वर परतलेला कांदा. ऑरेस्ट डावीकडचं मीठ चाचपत होता. तिने ते उचलून त्याच्या हाताशी आणलं आणि आदळलं.

"निदान लोनीला तरी सांग," ती म्हणाली.

"लोनीला काय सांगायचं?"

"तुझ्या भाषेत ते काय असतं ते. तुम्हा बैलांच्या भाषेत."

ऑरेस्टने मान खाली घालून खायला सुरुवात केली.

तिचं म्हणणं मला कळलं होतं. राखणदारांचा एक कायदा असतो, कुठं लिहिलेला नसतो. पाठमोऱ्याला हात लावायचा नाही. पडलेल्याला मारायचं नाही. माझ्यासारख्या चिमण्यांशी भिडायचं नाही. आणि काही दुखत असेल तर आधी सांगायचं. सामन्याआधी दोन्ही टीम बर्फावर अंग मोकळं करत असतात, मधल्या लाल रेघेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोन्हीकडचे राखणदार फिरत फिरत रेघेशी येतात, एकमेकांकडे न बघता. एक विचारतो, "सगळं धड?" बोट मोडलेलं असेल, बरगडी दुखावलेली असेल, तर तिथं बोलायचं. समोरचा ती जागा सोडून मारतो. नाहीतर त्या दिवशी भिडतच नाही. आणि मरेपर्यंत कोणाला सांगत नाही. तिथं खोटं बोललेला राखणदार माझ्या ऐकिवात नव्हता.

लोनी पेल्की हा शेजारच्या टीमचा राखणदार. केप ब्रेटन बेटावरचा, शेवंडीसारख्या लाल चेहऱ्याचा, ढगासारखा मोठा. कोवळ्या वयात ऑरेस्ट आणि तो टीमची पोरं ठेवून घेणाऱ्या एका बाईच्या घरी राहून खेळले होते, एकाच खोलीत, वरखाली पलंगांवर. आता दर हिवाळ्यात एकमेकांची थोबाडं फोडायचे आणि दर उन्हाळ्यात एकाच होडीत बसून मासे धरायचे. लोनीची बायको नोरीन म्हणायची, ह्यांचं लग्न आमच्या लग्नाच्या आधीचं.

"लोनी कोणाला सांगणार नाही," दार्या म्हणाली. "तू म्हण डावी बाजू सोड, तो सोडेल."

"लोनी नाही सांगणार. त्याचा हात सांगेल." ऑरेस्टने चमचा ठेवला. "त्याचा उजवा हात सगळ्या लीगला माहीत आहे, दार्या. तो डावी बाजू सोडून मारायला लागला की वर बसलेल्या टोपीवाल्यांना काय दिसणार नाही?"

"मग दिसू दे."

"एकच सामना गं."

ती उठली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी पुन्हा.

फेब्रुवारीत लोनीची टीम आमच्याकडे आली. त्या दिवशी इतकी थंडी होती की गिरणीचा धूर वर जायचा विसरून छपरावरच बसून राहिला होता. रिंक खचाखच. टोपीवाले दोघे वरच्या रांगेत, हातात कागदी कप.

अंग मोकळं करताना मी मुद्दाम रेघेजवळ घुटमळलो, बुटाची नाडी आवळत. लोनी पलीकडून आला.

"काय रे गव्हाळ्या, जिवंत आहेस अजून?"

"तुला पुरून उरेन, शेवंड."

"नोरीनने विचारलंय, उन्हाळ्यात येणार ना? नवी होडी घेतलीय. तुझ्या वजनाने बुडते का बघायचंय."

"तुझ्या वजनाने नाही बुडाली तर माझ्याने काय बुडणार?"

लोनी खो खो हसला. मग दोघे दोन वेगळ्या दिशांना बघत एक फेरी मारून परत रेघेशी आले. आता लोनीचा आवाज खाली होता.

"सगळं धड?"

ऑरेस्टने काठीने चकती थोडी मागे घेतली, थोडी पुढे ढकलली. मी नाडी सोडून त्याच्याकडे बघत होतो. बोल. बोल रे बाबा.

"धड," तो म्हणाला.

लोनीने त्याच्या पोटरीवर काठीने हलकेच टप मारली, शुभेच्छा म्हणून, आणि निघून गेला.

पहिलं सत्र तसंच गेलं. दुसऱ्या सत्रात मी कोपऱ्यात चकतीच्या मागे धावलो आणि त्यांच्या एका बचावपटूने मला पाठीमागून कठड्यावर फेकलं. छातीतली हवा गेली. बर्फावर गाल टेकून मी आडवा पडलो होतो, आणि आमच्या बाकड्यामागच्या स्टँडमधून पाय आपटल्याचा आवाज यायला लागला. थोरला उठला, बाकडं हललं. तो कठडा ओलांडून येतोय हे मला न बघताच कळत होतं.

ज्याने मला मारलं त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. मध्ये लोनी आला. त्याचं कामच होतं ते, आपल्या माणसाच्या आड उभं राहायचं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मान हलवली. हातमोजे पडले. हेल्मेटं दोघांनी स्वतःच काढून फेकली, कारण हेल्मेटवर कोणाचं तरी बोट मोडतं, आणि मित्राचं बोट कोण मोडणार? एकमेकांभोवती गोल फिरले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, उठता येत नव्हतं म्हणून तिथंच.

भिडले. ऑरेस्टने नेहमीसारखी लोनीच्या उजव्या हाताची बाही धरायला बघितलं. बाही सापडली नाही. तो ती जिथं असायला हवी तिथं चाचपत होता, मिठासारखी. लोनीचा उजवा सुटला आणि डाव्या गालफडावर, डोळ्याखाली बसला.

ठोसे मी पुष्कळ पाहिलेत. समोरून हात आला की कितीही मोठा राखणदार असो, डोळा मिटतो, हनुवटी खाली जाते, खांदा वर येतो. ते शिकवावं लागत नाही, ते आईच्या पोटातून येतं. ऑरेस्टचं काहीच हललं नाही. डोळा उघडा, चेहरा उघडा. पत्र्याच्या पेटीवर मारावं तसा तो ठोसा बसला.

लोनीचा तोच हात दुसऱ्यांदा निघालेला होता. मी तो बघितला, मागे गेलेला, पूर्ण भरलेला. आणि तो वाटेत थांबला. त्याची मूठ सुटली. पाची बोटं मोकळी झाली.

"अरे," लोनी म्हणाला. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. "अरे गव्हाळ्या, तुला दिस—"

ऑरेस्टचा उजवा तेव्हा वाटेत होता. त्याला काय माहीत समोरचा हात थांबलाय? त्याच्या त्या अंगाला रात्र होती. त्याचा ठोसा उघड्या हनुवटीवर बसला आणि लोनी सरळ मागे गेला, हात पसरून, धरायला काही नसल्यासारखा.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नदीचा बर्फ पक्का झालाय का बघायला आम्ही पोरं मोठा दगड टाकायचो. त्याचा एक आवाज होतो, खोल, खालच्या पाण्यापर्यंत जाणारा. तसा आवाज झाला.

लोक उभे राहिले. गर्जना झाली. अख्ख्या रिंकमध्ये, मला वाटतं, न ओरडणारे आम्ही तिघेच होतो. ऑरेस्ट गुडघ्यांवर बसला होता आणि लोनीचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणत होता, "ए शेवंड. ए. ऊठ ना." पंचांनी त्याला ओढून नेलं. शिक्षेच्या काचेच्या खोक्यात तो बसला तेव्हा स्टँड पाय आपटत त्याचं गाणं म्हणत होतं. स्ट्रेचर आल्यावर गाणं विरलं, मग थांबलं.

ड्रेसिंगरूममध्ये कोचने त्याच्या दोन्ही खांद्यांवर थापा मारल्या. "आयुष्यातला सर्वात स्वच्छ ठोसा, थोरल्या! लोनी पेल्कीला आजवर कोणी आडवा केला नव्हता. वरच्यांनी पाहिलं. पाहिलं त्यांनी!"

"लोनीचं काय?"

"शुद्धीवर येईल रे. राखणदाराचं डोकं आहे, अंडं नव्हे."

सगळे आंघोळीला गेल्यावर तो तसाच बसून होता, हात बर्फाच्या बादलीत.

"त्याचा हात थांबला, चिमण्या. मला आत्ता आठवतंय. दुसरा यायला हवा होता, आला नाही. का नाही आला?"

"त्याला कळलं, थोरल्या. तू पापणी हलवली नाहीस."

त्याने बादलीतून हात काढला आणि डाव्या डोळ्यासमोर धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"पडदा पूर्ण आला," तो म्हणाला.

लोनीला मॉन्क्टनच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. कवटी उघडून साचलेलं रक्त काढलं म्हणे. काही दिवसांनी डोळे उघडले, पण ओळख दाखवीना, बोलेना. आमच्याकडे कोणी त्याचा विषय काढत नव्हतं. ऑरेस्ट सरावाला यायचा, मान डावीकडे जास्त वळवून चालायचा, कोणाच्या लक्षात येत नव्हतं. राखणदाराची मान अवघडलेलीच असते.

आणि मग बोलावणं आलं.

वरच्या टीमच्या राखणदाराचा हात मोडला होता. कोच ऑफिसातून धावत आला, दारात उभा राहिला, आणि ऑरेस्टचं नाव घेऊन नुसतं बोट वर केलं, छताकडे. आमच्यात अशा वेळी काठ्या जमिनीवर आपटतात. सगळ्यांनी आपटल्या. म्हातारा गोलकीपर रडायला लागला. "ज्जा रे ठोंब्या," तो म्हणाला, "जा, आणि त्यांच्या आंघोळीच्या खोलीतला साबण चोरून आण माझ्यासाठी." ऑरेस्ट हसला. पायातले स्केट्स काढायचा त्याने तीनदा प्रयत्न केला, गाठ सुटली नाही. शेवटी मी वाकून सोडली.

रविवारी दुपारचं विमान, मॉन्क्टनहून. मी त्याला सोडायला निघालो. दार्याने त्याचा लग्नातला सूट इस्त्री करून दिला होता. ती दारापर्यंत आली, टाय नीट केला, आणि आत गेली. गाडीत मागे त्याची भली मोठी थैली, तिच्यातून ओल्या चामड्याचा वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी झाडं आणि त्यांच्यामध्ये पांढरं, फक्त पांढरं.

"बाबांशी बोललो काल," तो म्हणाला. "शेजाऱ्यांना बोलावलंय त्यांनी. सगळे मिळून बघणार."

"छान."

"तिथला डॉक्टर फक्त हात बघतो म्हणे. डोळे बघतसुद्धा नाही."

मी गाडी चालवत राहिलो. शहर दिसायला लागलं. विमानतळाचा फाटा उजवीकडे होता.

"डावीकडे घे," तो म्हणाला.

"विमान—"

"इस्पितळाकडे घे, चिमण्या. पाच मिनिटं बसेन. तोंड दाखवून येतो."

नोरीन खोलीत होती. माशांच्या कारखान्यात काम करणारी बाई, हात लाल, खरबरीत. ते हात मांडीवर रिकामे ठेवून बसली होती. आम्हाला बघून तिने खुर्ची पुढे केली.

"आलास? तिकडे नको बसू, खिडकीतून वारा येतो. इकडे बस. रेमी, तू पण." मग ऑरेस्टच्या सुटाकडे बघत म्हणाली, "पेपरात वाचलं. आज जातोयस ना? जायलाच हवं होतं तुला कधीचं. लोनी नेहमी म्हणायचा."

लोनी उशांना टेकून बसवलेला होता. डोकं भादरलेलं, त्यावर टाक्यांची लांब वाट. डोळे खिडकीबाहेर. आम्ही आल्याचं त्याला कळल्यासारखं काही दिसलं नाही. ऑरेस्ट त्याच्याकडे बघू शकत नव्हता. तो लोनीच्या पायांवरच्या पांघरुणाकडे बघत होता.

"नोरीन," तो म्हणाला, "मी—"

"तू काही बोलू नकोस. तुझं काम होतं, त्याचं काम होतं. मला ठाऊक नाही का?" तिने लोनीच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली. "एक विचारू फक्त? तू सगळ्यात जवळ होतास म्हणून."

"विचार."

"टीव्हीच्या बातम्यांत दाखवलं. मी पाहिलं. सारखं पाहिलं. त्याचा हात वर होता आणि मग खाली आला. का आला? तो तुला घाबरत नव्हता, ऑरेस्ट. तुला कसला घाबरतोय! मग त्याला काय झालं होतं? चक्कर आली होती का? छातीत दुखत होतं? सकाळी फोनवर बोललो आम्ही, मला म्हणाला झोप झाली नाही, मी म्हटलं नाटकं करू नकोस." तिचा आवाज तसाच सपाट होता. "त्याला काहीतरी होत होतं आणि मला, त्याच्या बायकोला, कळलं नाही. एवढंच सांग मला. काय होत होतं त्याला?"

बाहेरून एक विमान गेलं. खालून, जड आवाज करत. आमचं नसेल, वेळ होता अजून. ऑरेस्टने गाडीच्या दिशेने, दाराच्या दिशेने पाहिलं. मग त्याने टायची गाठ सैल केली.

"त्याला काही होत नव्हतं," तो म्हणाला. "तो ठणठणीत होता. मला होत होतं."

आणि त्याने सांगितलं. फार नाही. डोळा, डॉक्टर, रेघेपाशी विचारलेलं, रेघेपाशी दिलेलं उत्तर. सांगताना त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, सुजलेल्या गाठींचे, वापरून झालेल्या अवजारांसारखे.

नोरीन ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती उठली, खिडकीशी गेली, परत आली.

"त्याने विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"नेहमीसारखं."

"हो."

"आणि तू म्हणालास धड."

ऑरेस्टने मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल. मला वाटलं मारेल, आणि तिने मारावं असंही वाटलं. ती नुसती उभी होती, तिच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरत होतं आणि त्याच जागी दुसरं, त्याहून जड, चढत होतं.

"मला कशाला सांगतोस," ती शेवटी म्हणाली. "विचारलं त्याने होतं. त्याला सांग."

"त्याला समजतं?"

"डॉक्टर म्हणतात नाही. मला वाटतं कधी कधी. तू सांग. त्याच्या जवळ सरक. तुझ्या चांगल्या बाजूने बस, म्हणजे तुला त्याचं तोंड दिसेल." तिने शाल ओढली. "रेमी, चल, चहा पिऊ."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. यंत्रातला चहा पाणचट होता, दोघांनीही कप नुसते धरून ठेवले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो, ती सरळ बघत होती.

"किती वाजताचं होतं?" तिने विचारलं.

"आत्ता निघालो तर मिळेल."

तिने मान हलवली. पण आत जाऊन त्याला उठवायला कोणीच गेलं नाही, तीही नाही, मीही नाही.

दार अर्धवट उघडं होतं. आतून त्याचा आवाज येत होता. फार मागून सुरुवात केली होती त्याने, त्या बाईच्या घरापासून, वरखाली पलंगांपासून, म्हणजे अजून खूप यायचं बाकी होतं. मधे मधे तो थांबायचा. लोनीने काही म्हणावं म्हणून जागा सोडायचा. मग खुर्ची करकरायची, आणि तो पुढचं सांगायला लागायचा.